किट बदलायच्या आधी वायर बघा: बाहेरून बसवलेल्या सेंटर लॉकची दुरुस्ती

सेंटर लॉक बिघडलं म्हणून गाडी दुकानात नेली की तिथला मुलगा दोनदा रिमोट दाबून बघतो आणि सांगतो, "ताई, किट गेलंय. नवीन टाकून देतो, तासाभराचं काम आहे." तासाभराचं काम असतं हे खरं, आणि मूळ दुखणं तेच आहे. चार दारांतून वायरी ओढायच्या, चार मोटरी बसवायच्या, आणि पुढची गाडी दारात उभी. अशा घाईत जोड पिळून टेप मारली जाते, भोकाला ग्रॉमेट (पत्र्याच्या धारेवर बसणारं रबरी कडं) घालायचं राहतं, वायर बिजागरीत ताणलेलीच राहते.

मी नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. दिवसभर रिले, लग आणि फेरुल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) यांच्यातच असते. घरची गाडी जुनी अल्टो, बेस मॉडेल, काचा हातानं फिरवायच्या. सेंटर लॉक आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेलं. ते दुरुस्त केलं तेव्हापासून आमच्या सिडकोतल्या गल्लीतल्या गाड्याही माझ्याकडे यायला लागल्या, आणि आता माझं मत पक्कं झालंय: या किटमध्ये मालापेक्षा जोडणी जास्त बिघडते. नवीन किट टाकलं आणि वायर त्याच भोकातून तशीच ओढली, तर तेच रडगाणं पुन्हा सुरू होणार.

खाली लिहिलंय ते चार दारांच्या साध्या, बाहेरून बसवलेल्या किटबद्दल. कंपनीतून आलेल्या सेंटर लॉकचं वायरिंग वेगळं असतं, त्याला हे जसंच्या तसं लावू नका. आणि गाडीला एअरबॅग असतील तर पिवळ्या रंगाच्या वायरी आणि कनेक्टर यांना हात लावायचा नाही, मल्टीमीटरसुद्धा लावायचा नाही.

किटमध्ये एक युनिट (रिमोटचं ऐकून गनना करंट देणारा डबा) असतं, चार गन असतात आणि वायरीचा गठ्ठा. गन म्हणजे दारातली छोटी मोटर, जिची दांडी पुढे-मागे सरकते. ड्रायव्हरच्या दारातली गन पाच वायरची, बाकी तिन्ही दोन वायरच्या. दोन वायरींवर मोटर चालते. बहुतेक किटमध्ये त्या निळ्या आणि हिरव्या असतात. लॉक करताना निळीला १२ व्होल्ट आणि हिरवीला अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीची निगेटिव्ह) मिळतो, उघडताना उलट. (काही किटमध्ये रंगांचा क्रम उलटाही असतो, त्यानं फरक पडत नाही.) काम झालं की युनिट दोन्ही वायरी अर्थला सोडून देतं. ड्रायव्हरच्या गनमध्ये मोटरशिवाय एक छोटा स्विच असतो. काळी, पांढरी आणि तपकिरी या वायरी त्याच्या. तुम्ही किल्ली फिरवली किंवा दाराचा खटका दाबला की हा स्विच युनिटला सांगतो, लॉक कर किंवा उघड. रंगांवर विश्वास नसेल तर मीटर ओहमवर ठेवून बघा. ज्या जोडीत काही ओहमच रेझिस्टन्स दिसतो ती मोटरची.

एवढं डोक्यात बसलं की अर्धा बिघाड गाडी न उघडता सापडतो. काचा खाली करा, किल्ली खिशात ठेवा (हे काम करताना गाडीत किल्ली राहून दारं बंद झाली तर हसावं की रडावं कळत नाही), गल्लीत शांतता असेल अशा वेळी रिमोट दाबा आणि कान द्या.

युनिटमधून टकटक काहीच ऐकू येत नाही आणि इंडिकेटरही लुकलुकत नाहीत: रिमोटचा सेल, फ्यूज किंवा युनिटचा सप्लाय. इंडिकेटर लुकलुकतात, युनिटमध्ये रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) वाजतो, पण एकही दार हलत नाही: अर्थ, बॅटरी किंवा रिलेचे जळलेले पॉइंट. तीन दारं चालतात आणि एक गप्प: त्या दाराची वायर किंवा गन. गन घरघरते पण खटका हलत नाही: दांडी निसटली किंवा आतला प्लॅस्टिकचा गिअर घासला. रिमोटनं सगळं चालतं, किल्लीनं मात्र एकटं ड्रायव्हरचंच दार बंद होतं: पाच वायरच्या गनचा स्विच किंवा त्याच्या वायरी. लॉक होतं आणि क्षणात परत उघडतं: पुन्हा तोच स्विच, किंवा त्या गनची दांडी चुकीच्या ठिकाणी आवळलेली.

फ्यूजबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे लोक सरळ मोठा फ्यूज टाकतात. किटच्या लाल वायरीत फ्यूज होल्डर असतो, त्यात १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. तारेचा तुकडा गुंडाळणारे महाभाग आहेत; त्यांच्या गाडीत वायर हाच फ्यूज होतो. नवा फ्यूज बसवताक्षणी उडाला तर लाल वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय किंवा युनिट आतून गेलंय. तो टिकला आणि फक्त लॉक करताना उडाला, उघडताना नाही, तर मोटरच्या दोन वायरींपैकी लॉकच्या वेळी ज्या वायरीला १२ व्होल्ट मिळतात ती पत्र्याला घासून उघडी पडलीय. उघडताना ती अर्थलाच असते, म्हणून काही होत नाही. नुसत्या फ्यूजनं वायरीचा रंग सांगितला. आता राहिलं दार शोधायचं: गनचे कनेक्टर एकेक करून काढत जा. कनेक्टर काढूनही उडत राहिला तर दोष गनच्या अलीकडे, वायरीत आहे.

आता हत्यारं. चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी, मीटर, क्रिंपिंग टूल (जोडाची नळी वायरीवर दाबून बसवायची पक्कड), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून. शेवटचं हत्यार मीटरपेक्षा महत्त्वाचं आहे. युनिट मोटरला करंट देतं ते सेकंदाहून कमी वेळ. मीटरचा आकडा स्थिरावेपर्यंत खेळ संपलेला असतो. शिवाय वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर इमानदारीत १२ व्होल्ट दाखवतो, पण त्या एका तारेतून मोटर फिरण्याइतका करंट जात नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. वायर चांगली असेल तर लखकन पेटेल, नसेल तर मिणमिणेल.

दार उघडायला घेऊ. हँडलचे, आर्मरेस्टचे स्क्रू दिसतात ते काढा. काच फिरवायच्या हँडलला स्क्रू नसतो. त्याच्या मागे सी आकाराची स्प्रिंगची क्लिप असते. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधल्या फटीत घाला आणि मोची बूट चमकवतो तशी दोन्ही टोकांनी पुढे-मागे ओढा. क्लिप कापडात अडकून टपकन बाहेर येते. ती उडून गाडीखाली जाऊ नये म्हणून दुसरा हात आड धरा. मग पॅडच्या खालच्या कोपऱ्यापासून प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक बटन सोडवायचं. दोन-चार बटनं तुटणारच. द्वारका चौकाकडे जाणं झालं की स्पेअरच्या दुकानातून मूठभर आणून ठेवा.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. किट बसवणाऱ्यानं तो फाडलेला असेल, बहुतेक वेळा असतोच. तो कागद म्हणजे पावसाचं पाणी पॅडमध्ये न येता खालच्या भोकांतून बाहेर जावं यासाठीची सोय आहे. श्रावणात एकदा त्र्यंबकला जाऊन या, मग कळतं त्याची किंमत: पॅड फुगतं, कार्पेट ओलं होतं आणि गनच्या कनेक्टरला हिरवा गंज चढतो. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून ब्यूटाइल टेपनं नवा लावा.

गनचा कनेक्टर काढा आणि बल्ब गाडीकडून येणाऱ्या मोटरच्या दोन वायरींत लावा. कुणाला तरी रिमोट दाबायला सांगा. लॉक आणि अनलॉक, दोन्ही वेळा बल्ब झटकन पेटला पाहिजे. पेटतो, मग दोष गनमध्ये किंवा दांडीत. पेटत नाही किंवा एकाच वेळेला पेटतो, मग गनला दोष देऊ नका. मागे जा, बिजागरीकडे.

बिजागरी. सगळ्यात जास्त वेळ मी तिथे घालवते. दार आणि खांब यांच्यामध्ये वायर जिथे वाकते, तिथे ती दिवसातून किती वेळा वाकत असेल याचा हिशोबच नको. कंपनीच्या वायरिंगला तिथे रबरी बूट असतो, वायर मऊ असते, तिला ढील दिलेली असते. जुन्या बेस मॉडेलच्या दारात कंपनीची वायर बहुधा जातच नाही, म्हणून किट बसवणारा पत्र्याला ड्रिल मारतो आणि भोकाच्या धारेवरून वायर तशीच आत नेतो. धार रोज वायरीची साल काढते. उन्हाळ्यात मऊ पडलेलं प्लॅस्टिक कापलं जातं, थंडीत कडक झालेलं तडकतं. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की आठवड्याभरात माझ्याकडे एखादी तरी "सकाळी लॉक होत नाही, दुपारी होतं" अशी गाडी येते.

तुटलेली जागा शोधायची एक युक्ती: दार सावकाश उघडत-मिटत रिमोट दाबत राहा. दाराच्या ठराविक कोनात गन चालत असेल आणि दुसऱ्या कोनात नसेल, तर बिघाड बिजागरीतच. मग वायरीचं टोक चिमटीत धरून हलकं ओढा. आत तांबं शाबूत असेल तिथे वायर ताठ राहते. तांबं तुटलं असेल तिथे नुसतं प्लॅस्टिक रबरासारखं लांबतं. वरून काही दिसत नाही, पण बोटांना कळतं.

एकाच वायरीचा तुकडा पडलेला दिसला तरी त्या भोकातल्या सगळ्या वायरी बदला, कारण बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. मोटरसाठी १ स्क्वेअर एमएमची, स्विचसाठी अर्ध्या स्क्वेअरची, बारीक तारांची गाडीची वायर घ्या; घरातल्या बोर्डाची एका जाड तारेची वायर इथे चालणारच नाही. भोकाची धार कानशीनं मारा, रंगाचा हात द्या, रबराचं ग्रॉमेट बसवा. वायर कॉरुगेटेड पाइपमधून न्या. आणि जोड वाकणाऱ्या जागेत येऊ देऊ नका. एक जोड दाराच्या आत, दुसरा डॅशबोर्डखाली, मधली वायर अखंड.

जोड क्रिंप करा आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवा. डाग दिलेला जोड चांगला दिसतो, पण कथील तारांमध्ये चढतं, तिथली वायर काडीसारखी कडक होते आणि कथील जिथे संपतं तिथे हलल्यामुळे तुटते. स्थिर जागेत डाग द्यायला माझी हरकत नाही. नुसती पिळून टेप मात्र नको. उघड्यावर उभ्या गाडीत मे महिन्यात टेपचा गोंद पाझरतो आणि टेप उलगडून लोंबते. सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन बोटं मागे-पुढे ठेवा. मग दार पूर्ण उघडून बघा: वायर ताणली जात नाही ना? पूर्ण मिटून बघा: चेपत नाही ना? आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळेल, वायरीवरून आत येणार नाही.

गनचा तपास सोपा आहे. कनेक्टर काढून मोटरच्या दोन वायरींना बॅटरीवरून फ्यूजमधून क्षणभर १२ व्होल्ट द्या, मग उलटे द्या. दांडी दोन्हीकडे झटक्यात सरकली पाहिजे. धरून ठेवू नका, मोटर तापते. फिरल्याचा आवाज येतो आणि दांडी अडखळते, तर आतले दात गेले. अशी गन उघडून जोडायच्या फंदात पडू नका, सुटी गन मिळते. फक्त दोन वायरची हवी की पाच वायरची ते दुकानात सांगा, आणि जमलं तर जुनी सोबत न्या.

गन ठणठणीत आणि तरी दार हलत नसेल तर गनच्या दांडीपासून लॅचला (दाराच्या कुलपाला) जाणारी सळई सोडा आणि खटका हातानं फिरवा. हातालाच जड लागत असेल तर गन बिचारी काय करणार? लॅचमधली धूळ आणि वाळलेलं ग्रीस स्प्रेनं धुऊन काढा, पांढरं ग्रीस लावा. गंगापूर रोडच्या पलीकडे जिथे बांधकामं चालू आहेत तिथे राहणाऱ्यांना हे दर पावसाळ्यानंतर करावं लागतं.

सळई परत आवळताना घाई करू नका. गनची दांडी साधारण २० मिलिमीटर सरकते, लॅचला त्याहून कमी लागतं. दोन्हीकडे थोडी जागा उरली पाहिजे. म्हणून खटका अर्ध्यावर आणा, गनची दांडीही अर्ध्यावर आणा, आणि तशा स्थितीत क्लॅम्पचा स्क्रू आवळा. गन आणि सळई एका रेषेत असाव्यात. तिरकी बसवलेली गन जोर लावते पण तो जोर सळई वाकवण्यात जातो. आवळून झालं की स्क्रूच्या माथ्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. तो स्क्रूला धरून ठेवतो, आणि पुढच्या वेळी पॉलिशला तडा दिसला तर कळतं की स्क्रू फिरलाय. पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली आणून बघा, गनच्या पट्टीला किंवा लांब स्क्रूला ती घासत नाही ना.

ड्रायव्हरच्या दारात हीच मापं आणखी नाजूक होतात. तिथली गन अर्ध्याऐवजी एका टोकाकडे आवळली गेली, तर लॉक पूर्ण झालं तरी आतला स्विच अजून "उघडं" या बाजूला राहतो. युनिट बिचारं सांगितलेलं ऐकतं आणि सगळी दारं परत उघडतं. लोक याला युनिटचा दोष समजतात आणि युनिट बदलतात. स्विच तपासायला कनेक्टर काढा, मीटर बझरवर ठेवा, एक टोक काळ्या वायरीला. दांडी एका टोकाला नेली की तपकिरीवर बझर वाजावा, दुसऱ्या टोकाला नेली की पांढरीवर. दोन्हीवर एकाच वेळी वाजला, किंवा दांडी हलवताना चिरचिर आवाज आला, तर गन बदला. गन चांगली निघाली आणि गाडी तरीही स्वतःच लॉक-अनलॉक करत असेल तर पांढरी किंवा तपकिरी वायर बिजागरीत पत्र्याला टेकतेय. युनिटच्या दृष्टीनं त्या वायरीला अर्थ मिळणं म्हणजे हुकूम. दार उघडताना हा वेडेपणा होत असेल तर शंका नको.

सगळीच दारं मलूल चालत असतील तर आधी बॅटरी. गाडी बंद, तासभर उभी, मीटर १२.४ ते १२.६ दाखवत असेल तर ठीक. १२ च्या खाली असेल तर सेंटर लॉकला बोल लावू नका. बॅटरी चांगली असेल तर युनिटची काळी वायर शोधा. ती डॅशबोर्डखाली एखाद्या स्क्रूखाली दाबलेली असते, आणि पुष्कळदा रंगावरच दाबलेली. तो स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडा, वायरीला गोल लग लावा, आवळा, वरून थोडं ग्रीस. मग युनिटच्या लाल आणि काळ्या वायरींमध्ये बल्ब लावून बघा. बॅटरीवर पेटतो तितकाच पेटला पाहिजे.

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि रिले वाजूनही बाहेर बल्ब पेटत नाही, तेव्हाच मी युनिट बदला म्हणते. डाग देता येत असेल तर आतला १२ व्होल्टचा रिले बदलून युनिट वाचतंही, पण त्याच नंबरचा रिले मिळाला तरच.

रिमोटचं काय? जवळून चालतो, लांबून नाही, तर आधी सेल बदला. मग युनिटची अँटेनाची बारीक वायर बघा. ती बाकीच्या वायरींसोबत टेपमध्ये बांधलेली असेल तर मोकळी करून धातूपासून दूर सरळ सोडा. रिमोटनं उघडलेली गाडी दार न उघडता तशीच ठेवली की साधारण अर्ध्या मिनिटानं स्वतःहून लॉक होते, हा बिघाड नाही. बऱ्याच युनिटमध्ये ती सोय मुद्दाम दिलेली असते.  दुरुस्तीच्या शेवटी एक काम मी न चुकता करते: ड्रायव्हरच्या दारातल्या किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड टाकून किल्ली फिरवून बघते. वर्षानुवर्षं रिमोटच वापरला की ते कुलूप गंजून बसतं, आणि बॅटरी उतरते त्या दिवशी गाडीत शिरायचा दुसरा रस्ता नसतो.